अबू धाबी की दुबई? स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी थोडा विचार

वाळवंटातील शहर ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. १९५० नंतरच्या दशकांत मुंबई, ठाणे, पुणे आणि कुलाबा जिल्ह्यातील गावे सोडून इस्राएलमध्ये आलेल्या कित्येक बेने इस्राएल कुटुंबांनी आपले बिऱ्हाड बेरशेबा, दिमोना, येरुहाम अशा ठिकाणी थाटले. गावाची निवड बहुधा त्यांच्या हाती नव्हती. सरकारी कागदावर ज्या गावाचे नाव पडले, तेथे ते गेले, आणि वाळूत घर उभे करून मुलांना शिकवते झाले. आज त्यांच्या नातवंडांपुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा आहे. १५ सप्टेंबर २०२० रोजी अब्राहम करारावर सह्या झाल्या आणि इस्राएली पासपोर्ट बाळगणाऱ्यांना संयुक्त अरब अमिरातीचे दार उघडले. भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या नातलगांना आखाताची वाट त्याआधीही मोकळी होतीच. तेव्हा आता घरात नोकरीचे पत्र आले की चर्चा सुरू होते : अबू धाबीला जावे की दुबईला?

आम्ही पेशाने शिक्षक. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे बहुधा मुलांच्या शाळेच्या निमित्ताने येतो. परंतु शाळेचा विचार घरापासून, घराचा नोकरीपासून आणि नोकरीचा त्या शहराच्या स्वभावापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून सर्व अंगांनी थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

दोन शहरांचे स्वभाव

अमिराती हा सात संस्थानांचा संघ. तो २ डिसेंबर १९७१ रोजी स्थापन झाला. त्या दिवशी सहा संस्थाने एकत्र आली आणि सातवे, रास अल खैमा, फेब्रुवारी १९७२ मध्ये सामील झाले. देशाच्या भूमीचा चार पंचमांशांहून अधिक भाग एकट्या अबू धाबीचा असून खनिज तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक साठाही तिच्याच पोटात आहे. तेथे १९५८ साली तेल सापडले व १९६२ पासून ते परदेशी जाऊ लागले. त्यामुळे अबू धाबी ही राजधानी तर आहेच, शिवाय सरकारी खाती, तेल कंपन्या, मोठी रुग्णालये व विद्यापीठे यांचे ते शहर आहे. मूळ शहर एका बेटावर, सरळ आखलेल्या रस्त्यांचे. तेथील जीवनाची चाल संथ आणि शिस्तीची आहे.

दुबईचे तसे नाही. दुबई प्रथमपासून व्यापाऱ्यांची. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या किनाऱ्यावरील लिंगे बंदरात जकात वाढली, तेव्हा तेथील व्यापारी दुबईच्या खाडीकाठी येऊन स्थायिक झाले. स्थलांतर करणाऱ्यांच्या हातांनीच हे शहर वाढले असे म्हटले तर वावगे होणार नाही. येथील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर व्यवहारात रुपया चालत असे, आणि मुंबईहून आखाती बंदरांना जाणारी ‘द्वारका’ ही आगबोट १९८२ पर्यंत फेऱ्या करीत होती. दुबईला तेल १९६६ साली सापडले. पण ते थोडे होते आणि हे तेथील राज्यकर्त्यांनी वेळीच ओळखले. म्हणून १९७२ मध्ये रशीद बंदर, १९७९ मध्ये जबल अली बंदर आणि पुढे विमानतळ, पेढ्या, पर्यटन असा विस्तार झाला.

या स्वभावभेदाचा परिणाम नोकरदारावर होतो. व्यापाराला भरती येते तशी ओहोटीही येते. २००९ च्या नोव्हेंबरात दुबईच्या एका मोठ्या सरकारी उद्योगसमूहाने कर्जफेडीस मुदत मागितली आणि जगभर खळबळ उडाली. डिसेंबरात अबू धाबीने १० अब्ज डॉलरचे साहाय्य केले. पुढच्याच महिन्यात ८२८ मीटर उंचीच्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा ‘बुर्ज दुबई’ हे तिचे नाव बदलून अबू धाबीच्या अधिपतींच्या नावाने ‘बुर्ज खलिफा’ असे ठेवण्यात आले. थोरल्या भावाने धाकट्याचे कर्ज निस्तरावे आणि घराच्या दारावर थोरल्याच्या नावाची पाटी लागावी, तसा हा प्रकार. त्या काळात अनेक परदेशी नोकरदारांना दुबईतील बिऱ्हाड गुंडाळावे लागले, हे विसरता येत नाही.

नोकरी आणि अंतर

दोन्ही शहरांत सुमारे १४० किलोमीटरचे अंतर आहे. मुंबईहून पुण्याला जाण्याइतके. रस्ता उत्तम असल्याने अनेकांना वाटते की नोकरी अबू धाबीत करावी आणि दुबईच्या हौसेमौजेत राहावे. आमचे स्पष्ट मत आहे की, मुले लहान असताना हा मोह टाळावा. रोज जाऊन येऊन २८० किलोमीटर मोटार हाकणारा बाप मुलांना जागेपणी भेटत नाही. बस आहे, पण बसच्या थांब्यापर्यंतचे आणि थांब्यापासूनचे अंतर कडक उन्हात चालावे लागते. ज्या शहरात नोकरी, त्याच शहरात घर, हा पहिला नियम मानावा. निम्म्या कुटुंबांचा प्रश्न एवढ्यानेच सुटेल.

ज्यांना खरोखर निवड आहे, त्यांनी पुढील गोष्टी ताडून पाहाव्यात. दुबईत ९ सप्टेंबर २००९ पासून मेट्रो धावते. करामा किंवा बर दुबई भागात राहणाऱ्या कुटुंबाचे मोटारीवाचून चालू शकते. अबू धाबी शहरात मेट्रो नाही. तेथे बस, टॅक्सी किंवा स्वतःची मोटार. घराचे भाडे वर्षाच्या कराराने ठरते आणि ते पुढील तारखांचे चेक देऊन भरण्याची रूढी आहे, म्हणून पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम हाताशी लागते. करार सरकारदरबारी नोंदवावा लागतो; दुबईत त्या नोंदणीस ‘इजारी’ व अबू धाबीत ‘तौथीक’ म्हणतात. नोंदणी नसलेल्या खोलीत भाडे स्वस्त म्हणून कधीही राहू नये.

आरोग्यविम्यात एक महत्त्वाचा फरक आहे. अबू धाबीच्या २००५ च्या कायद्याने नोकराबरोबरच त्याची पत्नी व अठरा वर्षांखालील तीन मुले यांच्या विम्याचा भारही मालकावर टाकला. दुबईच्या २०१३ च्या कायद्याने मालकावर केवळ नोकराच्या विम्याचे बंधन घातले. कुटुंबाचा विमा ज्याने त्याने उतरवावयाचा. म्हणून दोन पत्रांत पगाराचा आकडा सारखा दिसला तरी तो सारखा असेलच असे नाही. पत्रावर सही करण्यापूर्वी घरभाडे, शाळेची फी, विमा आणि वर्षाकाठचे विमानभाडे यांपैकी काय मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे. पगारावर प्राप्तिकर नाही हे खरे, पण परदेशी नोकराला तेथे निवृत्तिवेतनही नाही. पहिली पाच वर्षे दर वर्षामागे २१ दिवसांचे मूळ वेतन आणि पुढे ३० दिवसांचे, एवढेच उपदान हाती येते.

शाळा

परदेशी मुलांचे शिक्षण दोन्ही शहरांत मुख्यतः खासगी शाळांत होते आणि ते महाग आहे. भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन असे अनेक अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. दुबईची इंडियन हायस्कूल १९६१ पासून चालू आहे. अबू धाबीतही जुन्या व नामांकित भारतीय शाळा आहेत. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, इतर बहुतेक शाळा ऑगस्टच्या अखेरीस. इस्राएलमधील वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. या वेळापत्रकाकडे दुर्लक्ष करून नेले, तर मुलाचे अर्धे वर्ष वाया जाते.

शिक्षक या नात्याने आम्हांस खरी काळजी माध्यमाची वाटते. हिब्रूत शिकलेले नऊ-दहा वर्षांचे मूल एकदम इंग्रजी वर्गात बसते. त्यातच अरबी हा विषय परदेशी मुलांनाही खालच्या इयत्तांपासून शिकावा लागतो. हिब्रू जाणणाऱ्या मुलाला अरबी फार जड जात नाही. लिपी वेगळी असली तरी शब्दांच्या मुळांत भावकी आहे. परंतु जे मूल परत येऊन बगरूत परीक्षेस बसणार आहे, त्याचे हिब्रू वाचन-लेखन घरी रोज अर्धा तास तरी चालू ठेवले पाहिजे. मराठीचेही तेच. दोन्ही शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत आणि देशात ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. मराठी कानावर पडेल, पण लिहायला आई-बापांनीच शिकवावे लागेल. मूल बाराव्या-तेराव्या वर्षापुढे गेले असेल, तर स्थलांतर दोनदा विचार करूनच करावे, असा आमचा सल्ला आहे.

शब्बाथ आणि स्वयंपाकघर

कोकणात आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अबू धाबीचे तेल कोणताच वार पाळत नाही. पण कचेऱ्यांचे वेळापत्रक मात्र आज आपल्याला सोयीचे झाले आहे. २००६ पासून तेथे शुक्रवार-शनिवार सुटी होती. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुटी असते. खासगी कंपन्यांनी बहुतांशी तोच क्रम स्वीकारला आहे. तथापि दुकाने, उपाहारगृहे आणि रुग्णालये शनिवारीही चालतात. तेथे नोकरी असेल तर शब्बाथची गोष्ट नेमणुकीपूर्वीच बोलून घ्यावी.

अबू धाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली मशीद, चर्च व सिनेगॉग एकाच आवारात उघडण्यात आली. तेथील सिनेगॉगला मोशे बेन मायमोन यांचे नाव दिले आहे. वास्तू भव्य आहे. परंतु सादियात हा श्रीमंत वस्तीचा भाग असून साध्या पगाराचे कुटुंब ज्या मुसफ्फामध्ये किंवा आसपास घर घेते, तेथून शब्बाथला पायी जाणे अशक्यच. दुबईत यहुदी वस्ती अधिक जुनी व मोठी आहे, त्यामुळे मिन्यान जमण्याचा संभव तेथे जास्त. ज्याला सणासुदीस दहा माणसांची सोबत हवी, त्याने हे ध्यानात घ्यावे.

जेवणाची अडचण आपल्या घरांना इतरांइतकी भासत नाही. आपल्या मांसाहारी स्वयंपाकाला दूध-लोणी लागतच नाही, नारळाच्या रसावर भागते. नारळ, पोहे, गूळ, कोकम दोन्ही शहरांतील भारतीय दुकानांत मिळतात. दुबईच्या देरा भागातील मासळीबाजारात आणि अबू धाबीच्या मीना बंदरावर खवले-परांची ताजी सुरमई मिळते आणि तिला शोहेत लागत नाही. कोशर मांस मात्र महाग व मोजक्याच ठिकाणी.

हवेविषयी एवढेच सांगतो : बेरशेबाचे ऊन कोरडे, रात्र गार. येथे जून ते सप्टेंबर नेगेवचे ऊन आणि मुंबईच्या मे महिन्याचा घाम एकत्र नांदतात. दोन्ही शहरांत त्यात फरक नाही.

सावधपणा

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे अगत्याचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमिरातीत राहणारे रब्बी झ्वी कोगन यांचे अपहरण करून त्यांचा खून करण्यात आला. तेथील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तिघांना देहान्ताची शिक्षा फर्मावली. तो देश एरवी चोरी-मारामारीपासून सुरक्षित मानला जातो; पण आपल्यासाठी धोका वेगळ्या दिशेने येऊ शकतो, हे या घटनेने दाखविले. जून २०२५ च्या इराण-इस्राएल युद्धात आखातावरील विमानमार्गही विस्कळीत झाले. तेव्हा निघण्यापूर्वी इस्राएल सरकारची प्रवाससूचना वाचावी, प्रार्थनेच्या ठिकाणी आधी संपर्क साधूनच जावे आणि मुलांनाही मोजके बोलण्याची सवय लावावी. पदवी व विवाहाचे दाखले साक्षांकित करून न्यावेत. मुंबईत झालेल्या विवाहाच्या दाखल्यास फार वेळ लागतो. इस्राएल सोडण्यापूर्वी बितुआह लेउमीकडे आपल्या निवासाच्या नोंदीची चौकशी करावी.

तात्पर्य काय? एकाच्या पगारावर चालणारे, शाळकरी मुलांचे कुटुंब असेल आणि नोकरी सरकारी, तेलाची वा रुग्णालयाची असेल, तर अबू धाबी बरी. पती-पत्नी दोघांना काम शोधावयाचे असेल, स्वतःचा लहान धंदा करावयाचा असेल किंवा समाजाची सोबत महत्त्वाची वाटत असेल, तर दुबई बरी. परंतु दोन्हीकडे आपण पाहुणेच. व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो आणि नागरिकत्व परदेशी कुटुंबाला सहसा मिळत नाही. दिमोनाला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी वाळूत झाड लावले ते तेथेच राहण्यासाठी. अमिरातीत जाणाऱ्याने किती वर्षे राहावयाचे आणि मुलांच्या कोणत्या इयत्तेला परतावयाचे, हे तिकीट काढण्यापूर्वीच घरातील सर्वांनी मिळून ठरवावे, आणि येथले घर मोडू नये.