तुमचा '६' किती आहे? लिंक्स गोल्फ आणि सीझनअखेरचा हिशोब

आजचा विषय आहे गोल्फ. "रत्नागिरीत आणि गोल्फ?" असं तुम्ही म्हणणारच. बरोबर आहे, आपल्याकडे गर्दी जमते ती अंडरआर्म क्रिकेटला. पण गोल्फचा एक प्रकार आपल्या कोकणातल्या धंद्याच्या इतका जवळचा आहे की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला लिंक्स गोल्फ म्हणतात. खेळ माहीत नसला तरी हरकत नाही, लागेल तेवढं मी सांगतो.

गोल्फमध्ये १८ होल असतात. प्रत्येक होलला चेंडू किती फटक्यांत खड्ड्यात जावा याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. सगळे मिळून सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो. म्हणजे हा कमाईचा नाही, खर्चाचा खेळ आहे. एवढं कळलं की पुरे.

लिंक्स म्हणजे काय?

भाट्याच्या किनाऱ्यावर गेला असाल तर पुळणीमागचा वाळूचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. आता त्यावरचं सुरूचं बन डोळ्यांसमोरून काढून टाका आणि तिथे आखूड गवत आणि वाळूचे उंचवटे आहेत असं समजा. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या अशा पट्ट्याला लिंक्स म्हणतात. तिथे पीक येत नाही, फार तर मेंढ्या चरतात. अशा जमिनीवर हा खेळ वाढला. सेंट अँड्र्यूजचा जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स असाच आहे. तिथे पंधराव्या शतकापासून गोल्फ खेळतात.

पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर झाडांचा आडोसा मिळतो. लिंक्सवर आडोसा नाही. समुद्राचा वारा थेट अंगावर. सकाळी एका दिशेने, दुपारी दुसऱ्या. जमीन टणक आणि उंचसखल, त्यामुळे चांगला मारलेला चेंडूही कुठल्या कुठे उडतो. आणि जागोजागी वाळूचे खोल खड्डे, म्हणजे बंकर. काहींची भिंत माणसाच्या उंचीची.

ओळखीचं वाटतंय ना? आपलाही धंदा असाच आहे. आंब्याचा मोहोर कधी गळेल सांगता येत नाही. अवकाळी पाऊस आला की पर्यटकांचं बुकिंग रद्द. वारा कोणाच्या हातात नाही.

मग तिथे खेळतात कसं?

दोन गोष्टी शिका.

पहिली, चेंडू खाली ठेवा. उंच फटका दिसायला भारी, पण हवेतला चेंडू वाऱ्याच्या ताब्यात जातो. म्हणून लिंक्सवर जाणते खेळाडू चेंडू बुटका मारतात, अलीकडे पाडतात आणि पुढे घरंगळत जाऊ देतात. धंद्यात याचा अर्थ सोपा आहे. जेवढं भांडवल एका वेळी हवेत, तेवढी जोखीम जास्त. थोडा माल घ्या, विका, पुन्हा घ्या.

दुसरी, खड्ड्यात पडलात तर आधी बाहेर या. भिंत समोर असेल तर खेळाडू चेंडू बाजूला, कधी चक्क मागे मारतो. एक फटका जातो, पण बाकीचे वाचतात. न खपणारा माल खरेदीच्या भावात विकून पैसे मोकळे करणं म्हणजे हेच.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. लिंक्सवरच्या दोन मोठ्या पराभवांची गोष्ट सांगतो. दोन्ही शेवटच्या होलवर झाले, आणि दोन्हीत वाऱ्याचा दोष नव्हता.

कार्नूस्टी, १९९९: गरज होती ६ ची

स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी हे अवघड लिंक्सपैकी एक. १९९९ च्या ओपन स्पर्धेत फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. होलचा पार ४. म्हणजे ६ फटके घेतले तरी विजेता तोच. छोटे छोटे फटके मारत गेला असता तरी चाललं असतं.

त्याने सर्वांत लांब मारणारी काठी काढली. पहिला फटका उजवीकडे भरकटला, पण नशिबाने वाचला. सुधारायची संधी होती. दुसराही त्याने लांबच मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्याला लागला, ओढ्याच्या दगडी भिंतीवर आपटला आणि मागे दाट गवतात आला. तिसरा फटका थेट बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात. बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला, तिथूनच मारावं का याचा विचार केला, मग एका फटक्याचा दंड घेतला. पुढचा फटका बंकरमध्ये. शेवटी ७ झाले. तिघांची बरोबरी झाली आणि टायब्रेकमध्ये पॉल लॉरी जिंकला. हा लॉरी त्या दिवशी सुरुवातीला १० फटक्यांनी मागे होता!

शेवटच्या होलवर येताना आघाडी त्याच्याकडेच होती. कमी पडलं ते एवढंच: आपल्याला किती पुरेसं आहे तो आकडा समोर ठेवून काठी निवडली नाही.

व्हिसलिंग स्ट्रेट्स, २०१०: न वाचलेला कागद

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. नळ आणि बाथरूम फिटिंगसाठी आपल्याकडे माहीत असलेल्या कोहलर कंपनीने विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराकाठी, लष्कराच्या जुन्या प्रशिक्षण तळाच्या सपाट जागेवर, वाळू आणून लिंक्ससारखा कोर्स उभा केला. पीट डाय या रचनाकाराने तिथे हजाराच्या आसपास बंकर केले.

२०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये डस्टिन जॉन्सन शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. चेंडू प्रेक्षकांनी तुडवलेल्या वाळूत गेला. त्याला ती साधी जागा वाटली. फटक्याआधी त्याने काठी वाळूला टेकवली. बंकरमध्ये ते चालत नाही. तुडवलेला असला तरी प्रत्येक बंकर हा बंकरच धरला जाईल, हे खेळाडूंच्या खोलीत लावलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. दोन फटक्यांचा दंड बसला आणि टायब्रेकमधली जागा गेली.

याच कोर्सवर २०१५ मध्ये पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी संयुक्त पाचवा आला. मेजर स्पर्धेतली ती तोपर्यंतची भारतीय पुरुषाची सर्वोत्तम कामगिरी. म्हणजे अवघड कोर्सवरही निकाल येतो.

आता तुमची वही काढा

आपला शेवटचा होल म्हणजे मे महिना. समजा, १५ मेपर्यंत तुमच्या हातात सीझनचे २,००,००० रुपये नफा आहे. पुढे पाऊस. जून ते सप्टेंबर दुकानाचं भाडं १२,०००, घरखर्च १८,००० आणि कर्जाचा हप्ता १०,०००. महिन्याला ४०,०००, चार महिन्यांचे १,६०,०००. हा तुमचा '६'. खेळायला उरले ४०,०००.

आणि नेमका तेव्हाच फोन येतो: "१,५०० च्या भावाने १०० पेट्या आहेत, सगळ्या उचल." म्हणजे दीड लाख. भाव चांगला आहे, विकल्या गेल्या तर कमाईही चांगली आहे. पण पाऊस आठ दिवस आधी आला तर पावसाळ्याचा घरखर्च पेटीत सडतो. तुमचं उत्तर ठरलेलं असू दे: "दादा, २५ पेट्या दे." समोरचा हसेल. हसू दे.

आणि कागद वाचा. होमस्टेची नोंदणी, लेबलवरचा खाद्य परवान्याचा क्रमांक, सगळं. हापूसचंच घ्या. २०१८ मध्ये रत्नागिरीसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आंबा आपल्या बागेतला आहे म्हणून ते मानांकन आपोआप खोक्यावर लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. खोकी छापून आणल्यावर हे कळलं तर दंड तुमच्याच खिशाला.

आज गल्ला बंद केल्यावर वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा:

१. पावसाळ्याअखेर घर आणि दुकान चालायला मला किती लागतात?
२. त्यापेक्षा जास्त हातात किती आहेत?
३. माझ्या धंद्याचा कुठला कागद मी अजून पूर्ण वाचलेला नाही?

मेमध्ये मोठा सौदा समोर आला की आधी हे पान उघडायचं, फोनवर उत्तर नंतर.