दाखल्यावरचे मायलेज

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले आणि टाकी फुल करून ॲव्हरेज काढणाऱ्या वाहनधारकाची फिर्याद पुन्हा ऐरणीवर आली. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्यामुळे ती निराधार नाही. परंतु छापील आकडा आणि रस्ता यांच्यातील तफावत या मिश्रणापेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा जाब कोणी विचारला नाही याचा मला अधिक विषाद वाटतो.

फियाट-ॲम्बॅसडरच्या अमदानीत गाडी मिळणे हीच मोठी गोष्ट असल्याने त्या काळाविषयी सांगण्यासारखे थोडे. खरा अनर्थ २००९ नंतरच्या दशकात घडला. उत्पादकांनी प्रमाणित मायलेज स्वेच्छेने जाहीर करण्यास आरंभ केला, जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, आणि केवळ दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी मुक्रर केलेला आकडा जाहिरातींतून वचन म्हणून मिरवू लागला. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत ज्या चाचणीवरून तो निघे, तीत गाडीची चाके रोलरवर जेमतेम वीस मिनिटे फिरत, वेग ताशी ९० किलोमीटरपलीकडे जात नसे, एसी बंद असे, आणि खर्ची पडलेल्या इंधनाचा हिशेब धुरातील कार्बनवरून मांडला जाई. मोजणी प्रामाणिक होती. परंतु वैशाखातल्या दुपारी एसी लावून, चार माणसे आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढणारी गाडी त्या मोजणीत कोठेच नव्हती. द्रुतगती मार्गावर वेग वाढतो तसा हवेचा रोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळकरी पदार्थविज्ञानही तेथे गैरलागू ठरले होते. माझी गाडी दाखल्यापेक्षा फार कमी देते म्हणून मी विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्या चालविण्याच्या सवयीला दोष दिला. तो उद्धटपणा मला आजही सलतो.

युरोपात आयसीसीटी या संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांनी ही तफावत २००१ मधील सुमारे ९ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेल्याचे दाखवून दिले, आणि २०१७ पासून तेथे अधिक कडक चाचणी लागू झाली. तीही पुरेशी ठरली नाही. नव्या गाड्यांत बसविलेल्या इंधनमापकांच्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ साली सुमारे २० टक्क्यांचा फरक जाहीर केला. आपल्याकडेही प्रत्येक गाडीच्या अशा नोंदी सरकारदरबारी जमा होऊन, प्रमाणित आकड्याशेजारी रस्त्यावरचा आकडा तितक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती झाली पाहिजे.