तलाव सरकारचा, पाणी शेतकऱ्याचं. मग मासा कुणाचा? मालगुजारी तलावांचं गणित समजून घ्या

तलावाच्या पाळीवर कुणी वही-पेन घेऊन उभा दिसला की गावाला वाटतं, हा पाण्याचा नमुना न्यायला नाहीतर माशांच्या जाती मोजायला आला असेल. पण यातले काही संशोधक माशांपेक्षा माणसांकडे जास्त बघतात. जाळं कुणी टाकायचं, कधी टाकायचं, पैसा कुणाच्या हातात जातो आणि हे सगळं ठरवतं कोण, हे त्यांचे प्रश्न. याला सामाजिक शास्त्राचं संशोधन म्हणतात. पीएचडी झाल्यावरही काही जण अशा एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या तलावांच्या जिल्ह्यांत तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

तलाव बांधले कुणी, गेले कुणाकडे?

पूर्व विदर्भातले हजारो तलाव गोंड राजवटीच्या काळापासून बांधले गेले. पाळ कुठे घालायची आणि पाणी कुठून वळवायचं, यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. पुढे तलाव मालगुजारांकडे आले. शेतकरी धानाला पाणी घ्यायचे, ढिवर, केवट, भोई मासे धरायचे. गावाचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' आणि निस्तार नोंदींत लिहिलेले असायचे. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही, मालगुजाराचा शब्द शेवटचा असायचा. पण कुणाचा वाटा काय, हे गावाला माहीत होतं.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आज एकाच तलावाशी अनेकांचा संबंध येतो. पाण्याचं काम जिल्हा परिषद किंवा पाटबंधारे विभागाकडे, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, तर पोटातली जमीन उघडी पडली की अतिक्रमण करणारे वेगळेच. जबाबदारी वाटली गेली की गाळ काढायचा कुणी, यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मासा बदलला, हिशेब बदलला

मरळ, शिंगी, मागूर हे आपले देशी मासे. ते तलावातच अंडी घालतात. मरळ तर पिल्लांची राखण करते. पिल्लांच्या थव्याजवळची मरळ धरली की अख्खा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो, हे जुन्या ढिवरांना पाठ आहे.

कटला, रोहू, मृगळ या माशांची गोष्ट वेगळी. त्यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तलावात ते वाढतात पण सहसा वीण होत नाही. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली आणि बोटुकली तयार करणं सोपं झालं. उत्पादन वाढलं, पण दरवर्षी बीज विकत घेणं आलं. बीजाला पैसा लागतो. संस्थेकडे पैसा नसला की व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते, मग मासा त्याच्याच भावाने त्यालाच द्यावा लागतो. कागदावर ठेका संस्थेचा आणि कमाई दुसऱ्याची, असं होतं ते इथून.

त्यात धानाला शेवटचं पाणी सोडलं की तलाव तळाला जातो. मासा अर्धवट वाढलेला असतानाच काढावा लागतो. यात शेतकरीही चुकीचा नाही, मासेमारही नाही. किती पाणी राखून ठेवायचं, याचा नियमच नसतो.

जगात याचा अभ्यास झालाय

सगळ्यांची वस्तू कुणीच जपत नाही, म्हणून ती सरकारला द्या नाहीतर खासगी करा, असं पूर्वी मानलं जायचं. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी आणि मासेमारी तपासून दाखवलं की लोक स्वतःही हे नीट सांभाळू शकतात. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण त्यांनी अटीही सांगितल्या: हक्कदार कोण हे स्पष्ट हवं, नियम वापरणाऱ्यांनी मिळून करावेत, राखण आपल्यातल्यांनीच करावी, पहिल्या चुकीला छोटा दंड आणि पुन्हा केली तर मोठा, आणि भांडण गावातच मिटावं.

ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यात पिरारुकू नावाचा प्रचंड मासा श्वास घ्यायला वर येतो. मामिरावा भागातले मच्छीमार तो वर आला की मोजतात आणि मोठ्या माशांपैकी तीस टक्क्यांपर्यंतच धरायची परवानगी मिळते. शास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीने पडताळलं, तेव्हा मच्छीमारांची मोजणी बरोबर निघाली.

आपल्याकडेही सुरुवात आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांनी चिखलात उतरून बेशरमची झुडपं उपटली आणि देशी पाणवनस्पती लावल्या, म्हणजे देशी माशांना अंडी घालायला जागा मिळेल. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी जुन्या ढिवरांकडचं ज्ञान गोळा करून या कामाला दिशा दिली.

कायदा काय म्हणतो?

वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1)(घ) मध्ये जलाशयातले मासे आणि इतर उत्पादनांवर सामूहिक हक्क मान्य आहे. वनक्षेत्रातल्या पात्र गावांनी ग्रामसभेमार्फत दावा करायचा असतो. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन योग्य स्तरावरच्या पंचायतींकडे दिलं आहे.

संस्थेच्या पुढच्या सभेत हे विचारा

- सभासद यादीत प्रत्यक्ष जाळं टाकणारे किती?
- बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या महिलांची नावं यादीत आहेत का?
- यंदा बीज किती आणलं, कुठून आणलं, पैसा कुणी दिला?
- मासा कुणाला, काय भावाने विकला? हिशेब वाचून दाखवा.
- पावसाळ्यात विणीच्या वेळी मासेमारी बंद असते का? राखण कोण करतं?
- तलावात किती पाणी राखायचं, याबद्दल शेतकऱ्यांसोबत कधी बैठक झाली?

संशोधकही वही घेऊन हेच विचारतो. पण काम संपलं की तो परत जातो. गावातल्या माणसाने सभेत हे प्रश्न विचारले, तर उत्तरं इतिवृत्तात लिहून घेता येतात, आणि पुढच्या ठेक्याच्या वेळी तोच कागद कामी येतो.