डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर

डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर हे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम फितीऐवजी हार्ड डिस्कवर ध्वनिचित्रमुद्रित करणारे घरगुती उपकरण आहे. मुद्रण चालू असतानाच आधीचा भाग पाहता येत असल्याने थेट प्रक्षेपणही थांबवता वा मागे नेता येते.

इ.स. १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेतील लास व्हेगास येथील प्रदर्शनात टिव्हो व रिप्लेटीव्ही ही प्रतिस्पर्धी उपकरणे सादर झाली. टिव्होच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी मासिक किंवा एकरकमी 'आजीवन' वर्गणी भरावी लागे. हे आयुष्य ग्राहकाचे नसून यंत्राचे असे. रिप्लेटीव्हीच्या आरंभीच्या यंत्रांच्या किमतीतच ही सेवा अंतर्भूत होती. टिव्हो प्रेक्षकाची आवडनिवड नोंदवून त्यानुसार कार्यक्रम आपणहून मुद्रित करी. रिप्लेटीव्हीच्या इ.स. २००१ मधील ४००० मालिकेत जाहिराती आपोआप वगळण्याची व मुद्रित कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची सोय होती. याच सोयींवरून दूरचित्रवाणी व चित्रपट कंपन्यांनी दावे दाखल केले. इ.स. २००३ मध्ये उत्पादक सॉनिकब्लू कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

अशा यंत्राची उपयुक्तता दररोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर अवलंबून असते. त्यामुळे निवड करताना किंमत व सोयींइतकाच सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या स्थैर्याचा विचार महत्त्वाचा ठरतो.