विश्लेषण : सस्पेन्शन कडक केले की गाडी रस्त्याला चिकटते?

डहाणू-तलासरीतल्या गाड्यांना एकाच दिवशी दोन वेगळ्या प्रकारचे रस्ते भेटतात. एक चारोटी ते अच्छाड हा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा वेगवान पट्टा, आणि दुसरे महामार्ग सोडला की पाड्यांकडे जाणारे अरुंद, खड्ड्यांचे रस्ते. 'महामार्गावर गाडी डोलते, वळणावर झुकते' ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की स्प्रिंग बदलणे, रॉड लावणे, पाटा वाढवणे असे उपाय पुढे येतात. या उपायांनी नेमके काय होते, धोका कुठे असतो आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

चासी कडक असणे म्हणजे काय?

गाडीची बांधणी मुख्यतः दोन प्रकारची. लॅडर फ्रेममध्ये शिडीसारखा स्वतंत्र सांगाडा असतो आणि त्यावर बॉडी बसवतात. चाकणमध्ये तयार होणारी स्कॉर्पिओ-एन आणि बहुतेक पिकअप या प्रकारात मोडतात. मोनोकॉकमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो. टाटा नेक्सॉनसह आजच्या बहुतेक कार अशाच असतात.

एक चाक खड्ड्यात गेले की बॉडीला पीळ बसतो. झाकण काढलेला बुटांचा खोका दोन्ही हातांनी पिळून पाहिला तर हे लक्षात येईल. एक अंश पीळ बसण्यासाठी किती बल लागते, त्यावरून हा कडकपणा मोजतात. सस्पेन्शन बॉडीलाच जोडलेले असते. त्यामुळे जोडणीची जागाच हलली तर चाकाचा कोन बदलतो आणि स्टिअरिंगला मिळणारा प्रतिसाद ढिला होतो. बॉनेटखाली दोन्ही शॉकअपच्या माथ्यांना जोडणारा आडवा रॉड हा पीळ कमी करण्यासाठी असतो. जुन्या, ढिल्या झालेल्या बॉडीत त्याचा फरक जाणवू शकतो. नव्या मोनोकॉक कारमध्ये रोजच्या वेगाला तो फारसा कळत नाही.

अशा रॉडने गाडी अपघातात जास्त सुरक्षित होते, हा मात्र गैरसमज आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपचे तारे धडकेत प्रवाशांचे किती रक्षण होते यावर ठरतात. बाहेरून लावलेल्या रॉडने त्यात भर पडत नाही.

वळणावर नेमके काय घडते?

वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. १,००० किलोची कार घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १४५ सेंटिमीटर आहे असे धरा. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ती वळली तर सुमारे १९० किलो भार बाहेरच्या बाजूला जातो. आधी दोन्ही बाजूंना ५००-५०० किलो होते, ते आता ६९० आणि ३१० होतात.

या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच येत नाही. सस्पेन्शन कितीही कडक केले तरी सरकणारा एकूण भार जवळपास तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर गाडी बुटकी किंवा रुंद हवी, नाही तर वेग कमी हवा. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने तेच वळण घेतले तर टायरवरचा आडवा ताण ५६ टक्क्यांनी वाढतो.

मग कडक स्प्रिंगचा फायदा काय?

गाडी कमी झुकते, त्यामुळे टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतो आणि स्टिअरिंगला लवकर प्रतिसाद मिळतो. सरकलेल्या भारातला किती वाटा पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्या, हेही सस्पेन्शनच्या कडकपणावर ठरते.

टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही. म्हणून ज्या बाजूचे सस्पेन्शन जास्त कडक, तिथली पकड आधी सुटते. पुढची बाजू फार कडक केली तर गाडी वळायला नकार देत सरळ जाते. मागची फार कडक केली तर शेपटी फिरते. अशी फिरलेली गाडी सावरणे सामान्य चालकाला फार अवघड जाते.

इथे छोट्या बदलाचाही परिणाम मोठा असतो. स्टॅबिलायझर बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा भरीव बार लावला तर तो ४६ टक्के जास्त कडक होतो.

खड्ड्यांच्या रस्त्यावर काय होते?

पकड टिकवायची तर टायर सतत रस्त्याला टेकलेला हवा. साध्या कारचे सस्पेन्शन सेकंदाला एक ते दीड वेळा वर-खाली होईल असे ठरवलेले असते. १.२ चा हा आकडा १.७ वर न्यायचा तर स्प्रिंग दुप्पट कडक करावी लागते. रेसच्या गुळगुळीत ट्रॅकवर ते चालते. खडबडीत रस्त्यावर मात्र चाक खड्ड्याचा आकार धरत नाही, उड्या मारते. हवेत असलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि गाडी वळतही नाही. पावसाळ्यातल्या ओल्या रस्त्यावर ही जोखीम आणखी वाढते.

स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी आहे. स्प्रिंग भार पेलते, शॉकअप तिचे डोलणे थांबवतो. मूळ शॉकअप तसाच ठेवून फक्त स्प्रिंग कडक केली तर तो कमी पडतो आणि गाडी जास्त उसळते.

स्प्रिंग कापणे, पाटा वाढवणे किती योग्य?

सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती २० टक्के कडक होते आणि गाडी खाली बसते. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसने कापल्यास उष्णतेने तिथल्या पोलादाचा गुणही बिघडतो. त्यामुळे हा उपाय टाळलेलाच बरा.

चिकू, गवत किंवा बांधकामाचे सामान वाहणाऱ्या पिकअपला पाटा वाढवण्याची पद्धत आहे. त्याने भरलेली गाडी मागे बसत नाही, पण ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल यांची क्षमता आहे तेवढीच राहते. तीच गाडी रिकामी परतताना मागची चाके उसळतात आणि ओल्या वळणावर घसरतात.

चारोटीच्या अपघातातून काय कळले?

४ सप्टेंबर २०२२ रोजी डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची कार कठड्याला धडकली. कार मर्सिडीज जीएलसी, म्हणजे सस्पेन्शन आणि बॉडी दोन्ही उत्तम मानली जाणारी. मागे बसलेल्या मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला, पुढचे दोघे वाचले. मागच्या प्रवाशांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. वेग आणि पुलाजवळची रस्त्याची रचना याही बाबी तेव्हा चर्चेत आल्या. गाडी कितीही पक्की असली तरी वेग, रस्ता आणि सीटबेल्ट यांची जागा ती घेऊ शकत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवू शकते. त्यामुळे उत्पादकाच्या सुट्या भागांच्या यादीत नसलेला कोणताही भाग लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

आधी काय तपासावे?

- टायरमधली हवा : चालकाच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर दिल्याप्रमाणे, टायर थंड असताना. भार जास्त असेल तर त्यासाठीचा आकडा वेगळा असतो.
- टायरची नक्षी : कारसाठी कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर. पावसाळ्यात याहून बरीच जास्त असावी.
- शॉकअप : तेल गळते का पाहावे. गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डोलत राहिली तर शॉकअप थकलेला आहे.
- बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट : खड्ड्यात 'खट्' आवाज किंवा स्टिअरिंगमध्ये मोकळेपणा असेल तर बदलावे.
- व्हील अलाइनमेंट : गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेला झिजत असेल तर.

बऱ्याच गाड्यांचे 'डोलणे' झिजलेल्या शॉकअप आणि बुशमुळे असते. ते मूळ मापाचे नवे बसवले की गाडी पुन्हा कारखान्याने ठरवलेल्या कडकपणावर येते. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि महामार्गावर व पाड्याच्या रस्त्यावर, दोन्हीकडे त्याचा उपयोग होतो.