सायकलमागची पाटी

निगडीहून मुंबईकडे निघालेल्या सायकलस्वाराला द्रुतगती मार्गावर प्रवेश नाही. त्याने देहूरोड, तळेगाव, कामशेत करत जुन्या महामार्गानेच लोणावळा गाठायचं. नाशिककडे जायचं तर मोशी ओलांडली की चाकणच्या कंटेनरांची रांग. बजाज, टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगन अशा कारखान्यांचा, म्हणजे इंजिनांवर जगणारा हा पट्टा. तरी इथली पोरं कॅरिअरला पिशव्या बांधून शेकडो किलोमीटर दूर निघतात, आणि अनेकांच्या सायकलमागे पाटी असते: पाणी वाचवा, झाडं लावा, अवयवदान करा. कशासाठी निघालात असं विचारलं की उत्तर ठरलेलं, जनजागृतीसाठी.

या उत्तराला हसू नये, पैसे न जमवता निघण्याची परंपरा इथलीच आहे. देहू आणि आळंदी इथून हाकेच्या अंतरावर आहेत. तुकोबांच्या पालखीचा देहूनंतरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पडतो. वारकरी निधी जमवत नाही. तो चालतो, वाटेवरची गावं त्याला जेवू घालतात. पिंपरी-चिंचवडच्या इंडो ॲथलेटिक्स सोसायटीची पंढरपूरची सायकल वारी याच वळणाची.

या वळणाचं सर्वांत मोठं उदाहरण बाबा आमटे यांचं. पंजाब धुमसत असताना, डिसेंबर १९८५मध्ये, त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान काढलं. सोबत शंभराहून अधिक तरुण-तरुणी, सायकलींवर. बाबा सत्तरीचे, मणक्याच्या दुखण्याने बसवत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून प्रवास करत. पुढे १९८८मध्ये इटानगर ते ओखा असं दुसरं अभियान झालं. तिथे पैशाचा हिशेब मागणं गैर ठरलं असतं. माणसं जोडायची तर त्यांच्या गावातूनच जायला हवं होतं, त्यामुळे प्रवास हेच काम होतं. पाणी वाचवायला मात्र कन्याकुमारीला जावं लागत नाही, ही माझी अडचण.

पाटी न लावता साहस साहसासाठी करण्यातही काही कमीपणा नाही. ऑक्टोबर १९२३मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर करून १९२८मध्ये परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८मध्ये १४ देशांतून सुमारे २९ हजार किलोमीटर कापले ते विक्रमासाठी. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लूट झाली, कॅनडात अस्वल मागे लागलं, तरी १५९ दिवसांत तिने ते अंतर पुरं केलं. विसाव्या वर्षी!

दुसरी परंपरा पैशाची. अमेरिकेतली ‘पॅन-मास चॅलेंज’ १९८०मध्ये ३६ स्वारांनी सुरू केली. प्रत्येक स्वाराने ठरलेली रक्कम ओळखीपाळखीच्यांकडून जमवायची आणि ती बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला द्यायची. आजवरचा आकडा एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पावणेनऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा त्यामागे आदिवासींच्या नेत्रोपचारांसाठी मदत उभी करण्याचा हेतू होता.

चाकणच्या पट्ट्यात अशी मदत सहज मिळेल असं वाटतं, कारण कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण २०१४च्या सरकारी परिपत्रकाने मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम त्यातून वगळले, आणि २०२१च्या दुरुस्तीने जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्वही. म्हणजे जर्सीवर बोधचिन्ह छापून दिलेले पैसे या खात्यात बसत नाहीत. रुग्णालयाला किंवा शाळेला थेट दिले तर बसू शकतात. तेव्हा स्वाराने कंपनीकडे स्वतःच्या टायर-ट्यूबसाठी नव्हे, एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या ठरावीक कामासाठी अर्ज करावा. आधी संस्था, मग मार्ग. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो.

वैयक्तिक देणगीदारालाही आयकरातली देणगीवरची सवलत दोन हजारांवरच्या रोख रकमेवर मिळत नाही, आणि पावती संस्थेचीच लागते. पाटीवर क्यूआर कोड लावायचाच असेल तर तो संस्थेच्या खात्याचा असावा. स्वाराच्या खात्यात आलेल्या पैशाला प्रवासखर्च म्हणावं. ढाब्यावर देणारे तोही आनंदाने देतात.