लेबर रूमच्या दाराबाहेरचा बाबा

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आठ महिन्यांपूर्वी मी बाबा झालो, त्या रात्रीबद्दल बोलायचंय. कारण त्या रात्री मला एक गोष्ट कळली: बाळंतपणात बाईजवळ आपलं माणूस असणं हा लाड नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

आमची पहिलीच वेळ. मी पडलो बी.टेक.वाला, सगळी तयारी एक्सेल शीटमध्ये. बॅग, फाइल, रक्तगट, गाडीत पेट्रोल. एकच प्रश्न विचारायचा राहिला: कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ कोण थांबणार?

रात्री अकराला हॉस्पिटलात पोचलो. "नातेवाईकांनी बाहेर थांबा," आणि दार बंद. आत ती एकटी. बाहेर मी, आई आणि सासूबाई. पहाटे चारपर्यंत तिचा आवाज ऐकत बसलो. ती नंतर म्हणाली, "दुखण्याचं एवढं नाही रे, पण कुणी काही सांगतच नव्हतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

चुकत काहीच नव्हतं. पहिल्या खेपेला वेळ लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की प्रसूतीचा वेगवान टप्पा धरतात, आणि पहिलटकरणीला तिथून पुढेही साधारण १२ तासांपर्यंत लागू शकतात. हे एक वाक्य तिला कुणी सांगितलं असतं, तर पाच तासांची भीती वाचली असती.

चारच्या सुमारास दुसऱ्या सिस्टर बाहेर आल्या. "घाबरलीये ती. बाकीच्या खाटा रिकाम्या आहेत, एकजण आत चला. पण मी सांगेन तसंच करायचं." सासूबाई मला म्हणाल्या, "तुम्ही जा, ती तुमचंच नाव घेतेय."

आत मी काय केलं? फार काही नाही. कळ आली की तळहाताने कंबर दाबायची, गेली की घोटभर पाणी द्यायचं, कूस बदलायला हात द्यायचा. सिस्टर प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "आता तपासते हं." पावणेसातला मुलगी झाली. लगेच तिच्या छातीवर ठेवली. नाळ कापायला मिनिटभर थांबले, तेवढ्यात बाळाला नाळेतून आणखी रक्त मिळतं. तासाभरात चिकाचं दूधही पाजलं.

आता यामागचं शास्त्र. भीती वाढली की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येऊ शकतो. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांना सतत सोबत मिळाली, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आणि सिझेरियनचं कमी दिसलं. कळांचा काळही थोडा कमी झाला. अर्थात सोबत म्हणजे डॉक्टरांना पर्याय नव्हे. सिझेरियनची गरज असेल तर ते करावंच लागतं.

आणि हे फक्त महागड्या हॉस्पिटलांसाठी नाही बरं का. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली. जिथे इतर बायकांचा आडोसा नीट सांभाळला जातो, तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही लेबर रूममधल्या सन्मानाच्या वागणुकीवर भर आहे.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना चार प्रश्न विचारा:

१. लेबर रूममध्ये सोबत कोण थांबू शकतं?
२. कळांमध्ये तिला चालता-फिरता, पाणी पिता येईल का?
३. तपासणीआधी तिला सांगणार, विचारणार ना?
४. दोघंही ठीक असतील तर बाळ लगेच तिच्याजवळ देणार का?

आणि सगळ्यांत आधी तिला विचारा, तिला कोण हवंय. उत्तर आई असेल, बहीण असेल, तुम्ही नसालही. राग मानू नका.

माझ्या शीटमध्ये आता पहिल्याच ओळीत हा प्रश्न आहे. ज्या मित्राकडे गुड न्यूज आहे, त्याला तो पाठवतो. तुमच्याही ग्रुपमध्ये असा कुणी असेल तर हा एपिसोड आजच पाठवा, दार बंद व्हायच्या आधी. भेटू पुढच्या आठवड्यात!